तिसरा उदककुंभ

विघ्नहर्त्या गजाननाला, आमच्या कुलस्वामिनीला आणि ज्यांच्या ओंजळीतून दोन अक्षरे मिळाली त्या गुरुजनांना नमस्कार करून हे लिहावयास बसलो आहे. आज अक्षय्य तृतीया. या दिवशी आमच्या घरी पाण्याने भरलेले दोन उदककुंभ दान देण्याची प्रथा आहे. एक देवांप्रीत्यर्थ, दुसरा पितरांप्रीत्यर्थ. गेली पुष्कळ वर्षे मी तिसराही देतो. आज सकाळी सूनबाईंनी विचारले, “मामंजी, हा तिसरा कुणाचा?”

“ज्याने मला चौदा वर्षे छळले, त्याच्या घराण्याचा,” मी म्हणालो.

ती हसली. तिला वाटले, म्हातारा विनोद करतो आहे. विनोद नव्हता. हवालदार अण्णांनी मला जितके जेरीस आणले तितके व्याकरणातल्या कोणत्याही प्रकरणाने आणले नाही. तरीही त्यांच्या नावाने पाणी सोडल्यावाचून माझा हा दिवस पुरा होत नाही. त्याचे कारण सुनेला तोंडी सांगता आले नसते, म्हणून लिहितो.

अण्णांचे नाव यशवंतराव. मूळचे बेळगावकडचे. लढाईहून परतल्यावर ते बेंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात पहारेकऱ्यांचे जमादार झाले आणि चामराजपेठेत आमच्या गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत राहू लागले. लग्न केले नव्हते. घरात ते आणि त्यांच्या थोरल्या भावाची बायको तुळसाक्का, एवढीच माणसे. थोरला भाऊ, ज्याला ते ‘दादा’ म्हणत, त्याच पलटणीत होता. बर्मातून माघार घेताना तो बेपत्ता झाला. सरकारी कागदावर तोच शब्द होता आणि घरातही तोच.

अण्णांची मिशी पांढरी, पाठ ताठ, आवाज परेडच्या मैदानाचा. अंगात खाकी सदरा आणि खांद्याला पट्ट्याने अडकवलेली, लोकरीच्या खाकी खोळीतली पत्र्याची पाण्याची बाटली. बाजारात, देवळात, लग्नाच्या पंगतीत, सर्वत्र ती बाटली त्यांच्याबरोबर असे. तिचे बूच नीट बसत नसे. आमच्या घरी ते ज्या ज्या पाटावर बसले, त्या त्या पाटावर ओला डाग पडलेला आहे. “अण्णा, पाणी आमच्याकडेही मिळते हो,” असे माझ्या गृहिणीने एकदा सांगून पाहिले. ते म्हणाले, “मिळतं की ओ, वहिनीबाई. पण मागायला लागतं.”

या गृहस्थांना जगात एकच व्यसन होते. लढाईचे चित्रपट पाहणे. आणि ते पाहण्याची त्यांची रीत अशी की, शेजारच्या माणसाने नशिबाला दोष द्यावा. दंडूतल्या, म्हणजे ज्याला साहेब छावणी म्हणत त्या भागातल्या, थिएटरात ते दुपारच्या खेळाला जाऊन बसत. पडद्यावर एखादा शिपाई छातीवर हात ठेवून पडला, दोन वाक्ये बोलला आणि मेला, की अंधारातून आवाज उठे: “खोटं!”

सारे थिएटर दचके. “गोळी लागलेला माणूस भाषण करत नाही. खोटं!” मग बूट चकचकीत दिसले की खोटं. दारूगोळा फुटला आणि धूर पांढरा निघाला की खोटं. मागून कोणी तरी ओरडे, “ए अज्जा, सुम्मने कूत्को!” अण्णांना कानडी उत्तम येई. पण गप्प बसण्याची आज्ञा त्यांना कोणत्याच भाषेत कळत नसे. दोनदा दारवानाने त्यांना हाताला धरून बाहेर काढले. दुसऱ्या वेळी सदरा फाटला.

तो फाटका सदरा हातात घेऊन तुळसाक्का आमच्या ओट्यावर आल्या. नऊवारी लुगडे, कपाळावर ठसठशीत कुंकू, बोलणे सावकाश. “शास्त्रीबुवा,” त्या म्हणाल्या, “तुमच्या शेंडीवर कुणी हात टाकायचं नाही. तुम्ही जाता का भावजींबरोबर?”

मी पाठशाळेत व्याकरण आणि धर्मशास्त्र शिकवणारा माणूस. तोवर चित्रपटगृहाची पायरी चढलो नव्हतो. पण त्या बाईंना ‘नाही’ म्हणणे मला जमले नाही. अण्णांनी मात्र ही व्यवस्था अशा उत्साहाने स्वीकारली की, आठ दिवसांत त्यांनी आमच्या पाठशाळेचे सारे अनध्याय पाठ केले. प्रतिपदेला आणि अष्टमीला अध्ययन वर्ज्य. ते वर्ज्य शास्त्रकारांनी चित्रपटांसाठीच ठेवले, अशी त्यांची पक्की समजूत. प्रतिपदेच्या सकाळी मी संध्या आटोपून उठतो न उठतो तोच दारात हाक येई: “शास्त्री, चला की ओ! आज तोफा आहेत!”

प्रत्येक वेळी दारवानाशी तोच संवाद. “स्वामी, बाटली होरगे,” म्हणजे बाटली बाहेर ठेवा. “बाटली आत, नाहीतर मी बाहेर,” अण्णा म्हणत. दारवान माझ्याकडे पाही, माझ्या शालीकडे पाही, कपाळावरच्या गंधाकडे पाही आणि “सरी, सरी” म्हणून सोडी. माझ्या चाळीस वर्षांच्या तपश्चर्येचा हा एवढा लौकिक उपयोग झाला.

त्या काळी, म्हणजे त्रेपन्न-चौपन्न साली, पडद्यावर इंग्रजी युद्धे चालत. गोरे अधिकारी, इस्त्रीचे कपडे, शेवटी बँड. लोक ते सर्कशीसारखे पाहत. स्फोट झाला की टाळ्या, रणगाडा पालथा झाला की टाळ्या. लढाई ही दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट, आपल्याला तिचा फक्त तमाशा बघायचा, असाच सर्वांचा भाव होता. स्वराज्य नवे होते, आता आपल्याला कुणाशी लढायचे आहे? त्या टाळ्यांत अण्णांचे ‘खोटं!’ बुडून जाई, हे माझे भाग्य.

चौपन्न साली तुळसाक्का पुन्हा ओट्यावर आल्या. या वेळी हातात काही नव्हते. “बारा वर्षं झाली,” त्या म्हणाल्या. “शास्त्रात काय आहे हो?”

शास्त्रात आहे ते मी सांगितले. परदेशी गेलेल्याची बारा वर्षे वार्ता नसेल, तर पळसाच्या देठांची प्रतिकृती करून तिचा विधिपूर्वक संस्कार करावा आणि मग श्राद्ध सुरू करावे. मूल नसेल तर भावाने करावे.

“मला सौभाग्याचा लोभ नाही, शास्त्रीबुवा,” त्या म्हणाल्या. “पण पितृपंधरवड्यात गल्लीतल्या प्रत्येकाचा माणूस जेवून जातो. माझा तेवढा उपाशी. जिवंतात नाही, मेलेल्यात नाही. मला त्याची तिथी द्या. एवढंच.”

मी अण्णांना बोलावले, बसवले, ग्रंथ उघडून दाखवला. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, “तुमच्या ग्रंथात बर्मा लिहिलाय काय?”

“देशाचे नाव लागत नाही, अण्णा.”

“दादा मेला हे मी पाहिलं नाही. न पाहिलेलं कसं सांगू? खोटं होईल ते.”

“अहो, शास्त्र गृहीत धरते. तुम्ही साक्ष द्यायची नाही, फक्त संस्कार करायचा.”

“खोटं,” अण्णा म्हणाले आणि उठून गेले. पाटावर पाणी राहिले.

पुढची दहा वर्षे मी हा विषय दर भाद्रपदात काढला. दर भाद्रपदात ते उठून गेले. कर्त्याने नकार दिल्यावर विधी होत नाही आणि त्या घरात दुसरा कर्ता नव्हता. मला दुसरी एक गोष्ट दिसे, तिचाही उलगडा होत नसे. अक्षय्य तृतीयेला अण्णा घरी कधी सापडत नसत. त्या दिवशी ते कारखान्यात दुसऱ्याचाही पहारा मागून घेत. सणाच्या दिवशी माणूस घर का सोडतो, हे विचारायचे मात्र मला सुचले नाही. मी ग्रंथ वाचण्यात गुंतलो होतो.

मध्यंतरी चित्रपट बदलले. लढाई हिंदीत आली आणि तिच्याबरोबर गाणी आली. एकात नवरा युद्धात बेपत्ता होतो. बायको देवापुढे निरांजन लावून सात वर्षे बसते आणि शेवटच्या रिळात तो काठी टेकीत दारात उभा राहतो. बायकांच्या बाजूला हुंदक्यांचा नुसता पूर. पुरुषही नाक पुसत होते. फाळणीत, लढाईत, दुष्काळात ज्यांची माणसे हरवली होती, त्या सगळ्यांना कोणीतरी परत यायला हवे होते. म्हणून चित्रपट परत आणून देत होता. मला तो प्रकार करुणेचा वाटला. अण्णा मात्र खुर्चीवरून अर्धे उठले आणि असे ओरडले की, पुढच्या रांगेतली एक बाई किंचाळली: “खोटं! येत नाही कुणी! एकदा गेलेला येत नाही!”

लोकांनी शेंगांची टरफले मारली. त्यातली अर्धी माझ्या शालीत अडकली. आम्ही बाहेर पडलो. अण्णा दारात उभे राहून उरलेले पाहू म्हणत होते. मी नकार दिला. बसमध्ये मी शालीतली टरफले वेचत बसलो.

घरी आल्यावर तुळसाक्कांनी नेहमीप्रमाणे विचारले, “कसा होता भावजी?”

“नवरा परत आला शेवटी,” अण्णा म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

माझी सहनशीलता त्या दिवशी सुटली. थिएटरात जगाला ऐकवायचे की कुणी येत नाही आणि घरी येऊन या बाईला सांगायचे की आला! मी त्यांना नळावर गाठून म्हणालो, “अण्णा, तुम्ही सत्यवादी म्हणवता. हे काय?”

“पडद्यावर आला की ओ. आला तर आला सांगितलं. त्यात खोटं काय?” आणि शांतपणे टाच घासू लागले. अशा माणसापुढे तर्कशास्त्राने हात टेकले.

मग बासष्ट साल आले. उत्तरेकडून बातम्या येऊ लागल्या आणि आमच्या गल्लीतल्या बायका लोकरीचे मोजे विणू लागल्या. बेंगळूरला थंडी ती केवढी, विणणे कुणाला येते! तुळसाक्कांनी विणलेला पहिला मोजा हत्तीच्या पायाला झाला असता. पण त्यांनी तो उसवला आणि पुन्हा विणला. अण्णांनी पलटणीत परत घ्या म्हणून अर्ज केला. वय पाहून कुणी उत्तर दिले नाही. त्या महिन्यांत पहिल्यांदाच लढाई आमच्या घरातली गोष्ट झाली. पुढच्या गल्लीतला एक तरुण परतला नाही. त्याच्या दारावरून जाताना लोक आवाज खाली करीत.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी जो चित्रपट लागला, तो आधीच्या कुठल्याच चित्रपटासारखा नव्हता. बर्फ, फाटके बूट, हरलेली माणसे. विणकाम करणाऱ्या बायकांच्या मंडळाने तो एकत्र पाहायचे ठरवले आणि तुळसाक्काही निघाल्या. अण्णांनी विरोध केला. “बायकांनी बघण्यासारखं काही नसतं त्यात.”

“बावीस वर्षं तुमच्या तोंडून ऐकते आहे लढाई,” त्या म्हणाल्या. “एकदा डोळ्यांनी बघते.”

दिवस प्रतिपदेचा. अण्णा आणि मी नेहमीच्या जागी, तुळसाक्का आणि माझी गृहिणी मागे बायकांच्या बाजूला. दारवानाने बाटलीविषयी बोलण्याचे केव्हाच सोडले होते. चित्रपट सुरू झाला आणि मी सवयीने शाल डोक्यावरून घेतली. अण्णांनी पहिल्या अर्ध्या तासात दोनदा ‘खोटं!’ म्हटले. एकदा तोफेसाठी, एकदा सुभेदाराच्या पोटासाठी. पुढे एक प्रसंग आला. डोंगरातून माघार चालली आहे. एक शिपाई चालू शकत नाही. त्याचा सोबती त्याला खडकाला टेकवून बसवतो, “आलोच” म्हणतो आणि मदत आणायला उतारावरून जातो. खाली पोचतो तो तुकडी पुढे निघालेली. वर पाहतो. पुढे पाहतो. आणि तुकडीच्या मागे चालू लागतो. गाणे नाही, भाषण नाही. मागे तो खडक लहान होत जातो.

मी वाट पाहत होतो. कान झाकून बसलो होतो. ‘खोटं’ आले नाही. सारे थिएटरच इतके निःशब्द होते की, शेजारच्या बाटलीतून ठिबकणारे पाणी मला ऐकू येत होते. अण्णांचे दोन्ही हात तिच्याभोवती होते. त्यानंतर खेळ संपेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. चुकलेल्या सलामीलाही नाही.

मला पामराला वाटले, प्रकृती बरी नसावी.

बाहेर ऊन कलले होते. बसथांब्यावर आम्ही उभे होतो. तुळसाक्का माझ्या गृहिणीचा हात सोडून सरळ अण्णांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“भावजी, मी मागे कान देऊन बसले होते,” त्या म्हणाल्या. “दोनदा म्हणालात. मग त्या खडकापाशी का नाही म्हणालात?”

अण्णा बस येते का ते पाहू लागले.

“ते खोटं नव्हतं का?”

अण्णांनी बाटलीचे बूच काढले, तोंडापर्यंत नेली आणि पुन्हा खाली घेतली. “पाणी मागितलं हो त्यानं, वहिनी,” ते म्हणाले. परेडच्या मैदानाचा तो आवाज कुठे गेला कोण जाणे. “ताप होता. पायात गोळी. सकाळीच म्हणाला होता, येशा, आज अक्षय तृतीया, घरी आई घागर पूजत असेल. मी त्याची बाटली घेतली. आलोच म्हणालो. ओढा खाली होता. भरली पण. तेवढ्यात पलटण हलली आणि मागनं गोळीबार... मी वर नाही गेलो. पुढं गेलो.”

बस आली. आम्ही चढलो नाही. ती गेली.

“मेला हे मी पाहिलं नाही, शास्त्री,” ते माझ्याकडे वळून म्हणाले, जणू आमचा दहा वर्षांचा वाद अजून चालूच होता. “म्हणून सांगितलं नाही. आणि पाहिलं तेवढं सांगण्यासारखं नव्हतं.”

तुळसाक्का रडल्या नाहीत. त्यांनी अण्णांच्या खांद्यावरचा पट्टा सरळ केला. तो पिळला गेला होता. मग मला विचारले, “शास्त्रीबुवा, ज्या दिवशी शेवटचं दिसला तो दिवस चालतो का तिथीला?”

मी आयुष्यभर ग्रंथांत आधार शोधून मग उत्तर देत आलो. त्या दिवशी आधी उत्तर दिले. “चालतो, तुळसाक्का. आणि तो पाण्याच्या दानाचाच दिवस आहे.”

पुढल्या वैशाखात तो संस्कार झाला. पळसाचे देठ मी स्वतः निवडले. अण्णांना पाणी सोडण्याची रीत शिकवताना मात्र माझा जीव मेटाकुटीला आला. पितरांचे पाणी दक्षिणेकडे तोंड करून, अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून सोडायचे असते. ते बोटांच्या टोकांवरून सोडीत. “ते देवांचे, अण्णा! अंगठ्याकडून!” “एकाच हातावर दोन वाटा कशाला ठेवल्या?” असे ते विचारीत. तेहतीस वेळा केल्यावर एकदा बरोबर आले. पाणी ताम्हनातले नको, बाटलीतलेच हवे, हाही हट्ट. ती दादांची बाटली होती, हे तोवर मला कळले होते. मी वाद घातला नाही. त्या वर्षीच्या पितृपंधरवड्यात तुळसाक्कांनी पुरणपोळी केली आणि पान मांडले. कुंकू पुसलेल्या कपाळाने त्या वाढत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच पोटभर जेवू घातलेल्या बाईची तृप्ती पाहिली.

आता तरी माझी सुटका झाली, असे मला वाटले. पुढल्याच प्रतिपदेला दारात हाक आली: “शास्त्री, चला की ओ!”

पासष्टची लढाई झाली आणि चित्रपटांनी पुन्हा रूप पालटले. बर्फातला तो मौनाचा चित्रपट जणू कुणी काढलाच नव्हता. आता नगारे, ध्वज, दर दहा मिनिटांनी समूहगीत. आपला शिपाई एका गोळीत पाच माणसे पाडी आणि शत्रू विदूषकासारखे मरत. लोक शिट्ट्या घालत, पडद्यावर नाणी उधळत. त्यांना दोष कसा देऊ? तीन वर्षांपूर्वी मान खाली घालून बसलेले तेच लोक होते. त्यांना मान वर करायची होती, आणि पडद्याने ती करून दिली. पण डोंगरातल्या त्या खडकाला बावीस वर्षांत एकदाच जागा मिळाली आणि तीही इतक्या लौकर गेली, याचे मला वाईट वाटे.

सदुसष्टच्या एका अष्टमीला आम्ही असाच एक चित्रपट पाहत होतो. महिनाभराने अण्णा नोकरीतून मोकळे होऊन तुळसाक्कांसह बेळगावकडे जाणार होते. पडद्यावर शत्रूच्या खंदकात बाँब पडला, माणसे उडाली आणि सारे थिएटर उठून नाचू लागले. मी शाल सावरून ‘खोटं!’ची वाट पाहिली. ते आले नाही. बाटलीचे बूच निघाल्याचा आवाज आला. अण्णांनी डाव्या हाताने बाटली उजव्या हातावर कलती केली, तळहात वाकडा केला, आणि अंगठ्या-तर्जनीमधून, या खेपेस पहिल्याच वेळी बिनचूक, पाणी खाली सोडले. एकदा. दोनदा. तीनदा. ते थेट माझ्या धोतरावर आले.

“अण्णा, काय हे!” मी वैतागून म्हणालो. “ते शत्रू आहेत. आणि खोटे आहेत. तुम्हीच म्हणता!”

“मेलेले खोटे,” अण्णा म्हणाले. “तहान खरी असती ओ. सरका थोडं.”

पुढच्या रांगेतून कोणी ओरडले, “कुणी पाणी सांडलं रे?” अण्णांनी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. बाटली पुन्हा उजव्या हातावर कलती झाली होती. शिट्ट्यांच्या त्या कल्लोळात, पडद्याच्या पांढऱ्या उजेडात, ताठ पाठीचा तो म्हातारा समोर तोंड करून बसला होता. चौदा वर्षे त्या थिएटरात बसूनही तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते की, तिथला पडदा दक्षिणेला आहे.

महिनाभराने ते बेळगावकडे गेले, पण माझ्या डोळ्यांपुढे राहिलेले त्यांचे शेवटचे दर्शन तेच. पुढे पत्रे आली, आणि मग आधी तुळसाक्कांच्या, पाठोपाठ अण्णांच्या जाण्याचे कार्ड आले. मागे पाणी देणारे कोणी नाही. म्हणून तिसरा कुंभ.

वाचकहो, आपल्या घरची घागर भरलेली राहो. दारी आलेल्याला पाणी मागावे न लागो. आपल्या घरातून जो दूर गेला असेल तो सुखरूप परत येवो. आणि जो परत यायचा नाही, त्याची तिथी घरच्यांना ठाऊक असो, हाच या म्हाताऱ्याचा आशीर्वाद.